कारणाचा रकाना

चिनी भाषेच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी आणि माझी मैत्रीण सुट्टीत आपापल्या घरी होतो. मी वसमतला, ती जवळा बाजारला. विद्यापीठाच्या त्या वर्गात हिंगोली जिल्ह्याच्या आम्ही दोघीच. मी पास झाले, ती नापास. निकालामागोमाग विभागानं मोबाईलवर फॉर्म पाठवला: तुमच्या यशाचं किंवा अपयशाचं कारण एका ओळीत लिहा. हा फॉर्म आणि फेरपरीक्षेचा अर्ज, दोन्ही भरायचा शेवटचा दिवस एकच होता.

त्या दिवशी मी एसटीनं तिच्याकडं गेले. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा व्यवस्थेविरुद्धच्या मोर्चाची पत्रकं छापून आणत आणि त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यामुळं तिच्या नापास होण्याचं कारण मला पाठ होतं. चिनीचं पुस्तक इंग्रजीतून, तिची शाळा मराठी. एका शब्दासाठी तिला दोन शब्दकोश उघडावे लागत.

ती आईजवळ बसून ओल्या गोणपाटातले सोयाबीनचे दाणे बघत होती. पेरणीआधी बी उगवतं का, ते तपासायला.

"फॉर्म भरला?"

तिनं मोबाईल पुढं केला. कारणाच्या रकान्यात होतं: मला डोकं नाही.

मी भडकलेच. "काहून लिवलं असं? वह्या भरून भरून बोटाला घट्टे पडले तुझ्या. दोष तुझा न्हाई, व्यवस्थेचा हाय!"

"माय, बघ, पत्रक वाचून राहिली," ती हसली. मग मला म्हणाली, "तू काय लिवलं?"

मी गोणपाटाची कड सारखी करू लागले.

"सांग की बाई."

"मेहनत," मी सांगितलं. निकाल बघितल्या बघितल्या, विचार न करता लिहिलं होतं.

"म्हंजे तू पास झाली तुझ्यामुळं, अन् मी नापास व्यवस्थेमुळं. मंग माझी मेहनत कुठं गेली?"

मी फेरपरीक्षेचा अर्ज उघडून तिच्यापुढं धरला. तिनं हात पुसले, बघितला आणि मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.

"चहा घे बाई," आई म्हणाली. "आता तकलीफ नको देऊ तिला."

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला हिंगोलीची मी एकटीच होते. सरांनी ती कारणं नावं न घेता वाचून दाखवली. मेहनत, मेहनत, मेहनत. मग 'मला डोकं नाही.' मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. माझ्याकडं अख्खं पत्रक तयार होतं. मी मान खाली घालून वहीच्या चौकटींत चिनी अक्षरं भरत राहिले.