लाल गाडीचा हँडब्रेक

आमचे हे भित्रे आहेत. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आता हे सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही. रस्ता ओलांडताना दोनदा उजवीकडे, दोनदा डावीकडे आणि एकदा माझ्याकडे बघतात. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येतात. गाडी चालवणं तर लांबच, माझ्या स्कूटरवर मागे बसतात तेही माझ्या खांद्यांत बोटं रोवून.

धंदा केबलचा. स्कूटरचा क्लच, टेम्पोचा ब्रेक, जे म्हणून तारेनं ओढलं जातं त्याची तार हे बनवतात. आतली तार मापानं कापायची, आवरणातून ओवायची, टोकाला डाख देऊन मणी बसवायचा. मग भिंतीतल्या हुकाला अडकवून ती पंचवीस वेळा ओढायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी पंचवीस म्हणजे पंचवीस. बाजारात ह्यांना तपासराव म्हणतात. मी पुढे काउंटरवर बसते, लोकांशी बोलते आणि ह्यांच्या वाटचं धाडसही मीच करते.

त्या धाडसापायीच पुढचं सगळं झालं.

एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्याकडे वडिलांची जुनी गाडी होती. दोनच माणसं बसतील अशी, बिनछपराची, लालभडक आणि जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांची समजूत काढायची. बाईंनी हौसेनं तिला नव्या गाडीचं इंजिन बसवून घेतलं होतं, मागची चाकंही नव्या गाडीच्या सांगाड्यासकट. गाडी पळायला लागली, पण हँडब्रेक गेला. जुना दांडा जुन्या ड्रमला ओढायचा. नव्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क होत्या, ब्रेक धरतो त्या लोखंडी चकत्या. दोघांचं जमेना. दोन वर्षं बाई गाडी गिअरमध्ये अडकवून उभी करत होत्या.

"हे माझं काम नाही," हे म्हणाले. "उतारावर सुटली तर?"

"म्हणून तर करायचंय ना काका," बाई म्हणाल्या.

हे मान हलवत राहिले. मग मी तोंड घातलं. "जन्मभर स्कूटरच्याच तारा ओढणार का? एवढी चांगली बाई पायरी चढून आलीय." गिऱ्हाइकासमोर असं बोलू नये, हे मला कळतं. पण बोलून झालं होतं. ह्यांचे कान लाल झाले आणि ते म्हणाले, "गाडी ठेवून जा."

तीन आठवडे गाडी आमच्या दुकानात होती. जुना दांडा बाईंना तसाच हवा होता, वडिलांचा हात लागलेला. तो ओढला की तार भरपूर सरकायची पण जोर कमी पडायचा. नव्या चाकांना थोडंच सरकणं हवं होतं, पण ताकदीचं. मग ह्यांनी मध्ये खिळ्यावर फिरणारी एक लोखंडी पट्टी बसवली, खिळ्याच्या एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड, म्हणजे ओढ वाढते. पुढे तराजूच्या दांडीसारखा तुकडा, दोन्ही चाकांना सारखाच ताण जावा म्हणून. रात्री झोपेत ह्यांची मूठ वळायची. मी ती उघडायची, हे पुन्हा वळायचे.

दुकानालगतच्या चढावर त्यांनी सहा दिवस ती गाडी तपासली. चालवता येत नाही, म्हणून शेजारच्या वेल्डरला आणि त्याच्या भावाला बोलावून ढकलत न्यायची, दांडा ओढायचा, चाकाला खूण करायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्टूल टाकून समोर बसायचं. खूण तसूभर हलली नाही. वेल्डर बॉनेटवर चढून नाचला, तरीही नाही. मला इतका अभिमान वाटला की बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा मीच ऐटीत म्हणाले, "आता ते गिअरबिअर विसरा. ह्यांचं काम आहे."

बाई अडीच वाजता गेल्या. लेकीच्या शाळेत पालकसभा होती, तीन ते चार. आमचं दुकान गावाच्या वरच्या अंगाला आहे आणि शाळा पार खाली. वाटेत सगळा वळणावळणाचा उतार आणि शाळेची गल्लीही उताराचीच. फाटक गल्लीच्या खालच्या टोकाला.

साडेतीनला मी चहा ठेवला. साखरेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण घट्ट बसलेलं होतं, म्हणून नेहमीसारखं त्याच्यावर गरम पाणी ओतलं आणि फिरवलं. निघालं. हे समोरच बसले होते. बघता बघता ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"अगं, ते फुगलं," हे म्हणाले.

"झाकणं फुगतातच."

"आणि गार झाल्यावर आकसतं." ह्यांचा हात हवेत दांडा ओढल्यासारखा झाला होता. "उतारावर ब्रेक दाबत दाबत गेल्या असतील त्या. डिस्क तापली असणार. तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढला, आणि मग डिस्क गार झाली..."

"मग?"

"सैल पडणार. मी गाडी ढकलत नेली गं, सगळे दिवस. एकदाही तापवली नाही."

चालवायला भ्यायले म्हणून ढकलली, आणि ढकलली म्हणून ती थंडच राहिली. पंचवीस वेळा ओढणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. मला तर कशातलंच काही सुचलं नव्हतं.

बाईंचा फोन बंद होता. शाळेचा कुणी उचलेना. चारला पोरं सुटणार होती. मी स्कूटर काढली, हे मागे बसले. खाली जाताना पहिल्याच वळणावर मला माझं वाक्य आठवलं, गिअरबिअर विसरा. बाईंनी ऐकलं असेल का माझं? दोन वर्षांची सवय कुणी एका वाक्यावर सोडतं का? हे मागून एकसारखं म्हणत होते, "जोरात घे." सत्तावीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

लाल गाडी गल्लीच्या मध्यावर उभी होती, तोंड खाली फाटकाकडे. आत कुणी नाही. जागची हललेली नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं.

ह्यांनी वाकून मागच्या चाकाच्या फटीतून बोट घातलं. "गार झालीय," म्हणाले.

तेवढ्यात कुठेतरी टक असा आवाज झाला आणि गाडी निघाली. आवाज न करता, सावकाश, जणू कुणी आत बसून निवांत सोडली असावी. हे धावत पुढे गेले आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभे राहिले. चपला मातीवर घासत मागे जात होत्या. "दांडा!" हे ओरडले. मी दारावरून अंग आत झोकून तो दांडा धरला आणि जिवाच्या आकांतानं ओढला. तो तीन दाते वर आला. गाडी थांबली.

घंटा झाली. फाटक उघडलं आणि पोरं बाहेर सांडली. दप्तरं, डबे, आरडाओरडा. गाडीच्या दोन्ही बाजूंनी ती वर येत होती. हे तसेच उभे, हात बॉनेटवर, पाय ताणलेले. एका मुलीनं विचारलं, "काका, ढकलायला मदत करू?" हे म्हणाले, "नको बाळ, तू त्या कडेनं जा." मी दांडा सोडला नाही.

बाई लेकीचा हात धरून आल्या तेव्हा हे एका दमात बोलले. "चूक माझी आहे. ब्रेक गार झाला की सुटतो. मी तापवून पाहिलाच नाही."

बाईंनी फाटकाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग खाली बसून लेकीला जवळ घेतलं. "गिअरमध्ये नव्हती," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या, पण मी मान वर करू शकले नाही.

मला वाटलं, बाई गाडी दुसरीकडे नेतील. नेली नाही. आठवड्यानं ह्यांनी त्या तारेत एक जाड स्प्रिंग बसवली. दांडा ओढला की ती दबते. डिस्क आकसली की ती उलगडत जाते आणि तारेला ढिली पडू देत नाही. "पण हे मी म्हणतोय," हे म्हणाले. "तापवून बघायला हवं. तू चालव. मी शेजारी बसतो."

मला चारचाकी येते, पण असल्या गाडीत मी कधी बसले नव्हते. बाईंनी किल्ली दिली. गावाबाहेर बंद पडलेल्या खाणीचा रस्ता आहे, खाली मातीचा उंच बांध, माणूसबिणूस कुणी नाही. ब्रेक दाबत दाबत उतरलो, जळका वास येईपर्यंत. निम्म्या उतारावर थांबवली. ह्यांनी दांडा ओढला, मी गिअर काढला. ह्यांनी उतरून चाकाला खूण केली आणि परत बसून घड्याळ लावलं.

पाऊण तास आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. एरवी मी ह्यांची टर उडवायला एवढा वेळ सोडला नसता. त्या दिवशी मी घड्याळाकडेच बघत होते. धातू गार होताना टिकटिक वाजत होता, प्रत्येक आवाजाला मी दांड्याकडे बघत होते.

"झाला वेळ. सुटली नाही," मी म्हणाले.

हे माझ्या पायांकडे बघत होते. "तुझा पाय ब्रेकवर आहे."

होता. कधी गेला ते मला कळलं नव्हतं. पाऊण तास मीच गाडी धरून ठेवली होती, पोटरीला गोळा आला होता.

"काढ," हे म्हणाले.

मला निघेना. खरं सांगते, मी ह्यांना भित्रा म्हणत आले, पण पाय माझाच निघेना. "तुम्ही आधी खाली उतरा," मी म्हणाले. हे उतरले नाहीत. दांड्यावरचा हातही ह्यांनी काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

मी पाय उचलला.

गाडी हलली नाही. ह्यांनी घड्याळ पाहिलं, चाकाच्या खुणेकडे वाकून पाहिलं आणि पुन्हा नीट बसले.

"अजून दहा मिनिटं," हे म्हणाले.

"बसू या," मी म्हणाले.