मशीनला दिसणारे पत्ते

या खेळाबद्दल मी पुष्कळ जणांना सांगितलं आहे — अगदी हौसेनं. त्यातल्या एका ओळीबद्दल मात्र कुणालाच नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे. कितपत जमतं, बघू.

मी अमरावतीला घरूनच प्रोग्रामिंगचं काम करते. एकदा सहजच, स्कोपा नावाचा इटलीतला जुना पत्त्यांचा खेळ संगणकावर बसवायला घेतला. खेळ सोपा. हातात तीन पत्ते, टेबलावर चार उघडे. तुमच्याकडे पंजा असेल तर टेबलावरचा पंजा उचला. तो नसेल तर दुर्री-तिर्री मिळून पाच होतात, त्या दोन्ही उचला. टेबल साफ केलं की स्कोपा — म्हणजे चक्क झाडू! — आणि एक गुण. समोर माणूस नको, मशीनच खेळेल. पण मशीनला खेळायला शिकवायचं कसं? त्या प्रश्नानं मला झपाटलंच होतं.

खेळून बघायला अकोल्याचे मामा होते. वय झालेलं, तरी वकिली चालू. रोज संध्याकाळी मित्रांबरोबर मेंढीकोट खेळायचे, आणि पडलेला प्रत्येक पत्ता त्यांच्या ध्यानात. मी त्यांच्या टॅबवर खेळ टाकून दिला आणि ते रंगले. माझं मशीन रोज हरायचं. मी त्याला गेलेले पत्ते लक्षात ठेवायला शिकवलं, तरी मामाच भारी. प्रत्येक डाव मला इथे घरी बसून दिसायचा — मामा कुठे अडले, कुठल्या पत्त्यावर किती थांबले. त्यात केवढी मजा यायची!

मग मी प्रोग्राममध्ये ती ओळ लिहिली. मशीनला मामांच्या हातातले पत्ते दिसू लागले.

का लिहिली? हरण्याचा राग — तो थोडा होताच. पण खरं सांगू? मला बघायचं होतं. मामांना कळेल का? कधी कळेल? कळेपर्यंत ते काय काय करून बघतील?

मामा हरू लागले. आधी भराभर पत्ते टाकायचे, आता एकेका पत्त्यावर खोळंबू लागले. मी चहा पीत ते खोळंबणं बघत होते — आणि मला गंमत वाटत होती. हो, गंमतच.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "काहून वं पोरी, माह्या हातातले पत्ते याले दिसून राहिले का?"

बरोबर ओळखलं होतं त्यांनी. मी हो म्हणायचं, दोघांनी हसायचं — एवढंच तर उरलं होतं. मी म्हटलं, "काहीतरीच काय मामा! तुमचंच ध्यान राहत नसन आता."

मामा म्हणाले, "हं. असू शकते."

असं का बोलले मी? पकडले गेले म्हणून? की अजून थोडं बघायचं होतं? — मला आजही नक्की सांगता येत नाही.

ती ओळ मी त्याच संध्याकाळी काढून टाकली. पण मामांनी तो खेळ पुन्हा उघडलाच नाही. मेंढीकोटला जाणं सोडलं. हातातल्या केसेस ज्युनिअरकडे सोपवल्या — "कोर्टात माह्याकडून काई चुकलं तं पक्षकार मरन बिचारा." मामींनी डॉक्टरकडे नेलं, तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, यांना काहीही झालेलं नाही. मामांना ते पटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्यात एका लग्नात मामांचे पत्त्यातले जोडीदार भेटले. मला बाजूला घेऊन विचारू लागले, "वकीलसाहेब येत काहून नाही वं? आमाले त्यायच्याशिवाय करमत नाही. काई झालं का त्यायले?"

मामा पलीकडच्या पंगतीत जेवत होते.

मी म्हटलं, "त्यांच्या आता लक्षात राहत नाही, काका."