पुढच्या चाकांचे ऑइल ब्रेक

माझ्या मोटारीत कोणी बसत नसे. मोटार इंग्रजांच्या काळातली, कापसाच्या एका जिनवाल्याकडून घेतलेली. रंग दरबारी, हॉर्न असा की राजाच प्रवेश करतोय. उणीव एकच, थांबण्याची. ब्रेक लोखंडी सळयांचे होते. पायडल दाबलं की सळया आधी आपसांत सल्लामसलत करत, आणि पुढच्या चाकांना निरोप पोचेपर्यंत आपण समोरच्या संत्र्यांच्या ढिगात. अकोल्याच्या बाजारात हा प्रयोग सर्वांनी एकदा पाहिला होता.

मी वकील, एकटा राहणारा. घरात माझ्याखेरीज आवाज ऐकू येई तो शेजाऱ्यांचा. ते तहसिलीत कारकून. रोज चहाला येत, माझे किस्से ऐकत आणि नेमके चुकीच्या जागी हसत. त्यांची अमरावतीला बदली झाली. मी ऐटीत जाहीर केलं, सगळ्यांना मोटारीनं सोडणार. दाराआडून वहिनी म्हणाल्या, "आमी यष्टीनं जातो. मले लेकरं मोठी करायची हायेत."

मला मात्र ती रस्त्याभरची सोबत हवी होती. भंगारवाल्याकडून लढाईतल्या एका मोडक्या जीपचे पुढचे ड्रम, सिलिंडर आणि तेलाच्या नळ्या आणल्या. लेथवाल्या टर्नरकडून ते सगळं जुन्या आसाला जुळवून घेतलं, पुढच्या सळया काढून फेकल्या. बाकी सगळं एकट्यानं जमलं. शेवटचं काम मात्र दोघांचं असतं. नळ्यांतली हवा काढायला एकानं पायडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचा बारीक स्क्रू सैल करून तेलाबरोबर बुडबुडे बाहेर सोडायचे आणि स्क्रू पुन्हा आवळायचा.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारी येऊन बसले. उभ्या गाडीत बसायला वहिनींची हरकत नव्हती.

"दाबा."

"दाबलं."

"सोडा."

बुडबुडे लवकरच संपले, नुसतं तेल येऊ लागलं. चाकाशी आडवा पडून मी सांगत राहिलो, अजून हवा आहे. डब्यातून तेल भरत होतो, दाबा म्हणत होतो. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं.

अखेर वरून आवाज आला, "वकीलसाहेब, पायडल तं कवाचं कडक झालं."

"मग दाबता कशाला?"

"तुमी म्हणून राहिले ना."

मी स्क्रू शेवटचा आवळला आणि उठून बसलो.

सकाळी वहिनींना दाखवायला गाडी उतारावरून आणली आणि त्यांच्या पायरीशी जागच्या जागी उभी केली. त्या बसल्या. मूर्तिजापूरपर्यंत डोळे मिटून होत्या, पुढे मुलांना रागावू लागल्या, म्हणजे भीती गेली. शेजारी माझ्या बाजूला बसून चुकीच्या जागी हसत होते. अमरावती फार लवकर आली. सामान उतरवलं, चहा झाला, रविवारी या म्हणाले.

परतताना एका वळणावर बकरी आडवी आली. मी पाय दाबला. गाडी बकरीच्या नाकाशी थांबली.

"बघितलंत?" मी बाजूला वळून म्हणालो.

तिथं कोणी नव्हतं. रस्त्याकडेचा बकरीवाला मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होता. त्याला म्हटलं, चला, अकोल्यापर्यंत सोडतो, बकरीलाही घ्या.

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. मग बकरीची दोरी हाताला गुंडाळली.

"नाई बाप्पा," तो म्हणाला, "बकरी भेते."