दुसऱ्याचा राक्षस

कॉलेजात असताना मला आणि माझ्या मैत्रिणीला एका खेळाचं वेड लागलं होतं. माझ्या मामेभावाने परदेशातून आणलेल्या जाड इंग्रजी पुस्तकातला खेळ. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि तलवार लागली की चुकली ते फाशांनी ठरवायचं.

पुस्तकातल्या बर्फाच्या डोंगरांना कंटाळून मी आपल्या खाडीवरची एक मोहीम लिहिली. मैत्रीण कोपरच्या बाजूची, कोळ्यांची. तिने नकाशा काढला. राक्षस मात्र मी पुस्तकातलाच उचलला, नावासकट, चित्रासकट. कल्याणला स्टेशनजवळ झेरॉक्स काढून पुस्तिका केली. ठाण्याच्या एका कॉलेजातली मुलंही ती मागायला लागली.

एका दुपारी आणखी प्रती काढायला गेले, तर दुकानाचं शटर अर्धं खाली.

"तुझा इथे ठेवलेला गठ्ठा आधी घेऊन जा, बाई," दुकानदार म्हणाला. "बाजूला धाड पडली. मशीन उचलून नेलं. कॉपीराइट म्हणे."

बाबा रेल्वेत. पोरीवर पोलीस केस झाली तर त्यांच्या नोकरीचं काय? गठ्ठा ओढणीखाली धरून घरी आले आणि गाद्यांच्या थप्पीत खुपसला. दारावरची बेल वाजली की मी त्या थप्पीवर जाऊन आडवी व्हायचे. आई विचारायची, "ताप आहे का गं?"

मैत्रीण म्हणाली, "खाडीत टाकू."

"आणि वर तरंगला तर?"

शेवटी ती मला ओढतच आमच्या खालच्या मजल्यावरच्या वकील काकूंकडे घेऊन गेली. त्या कल्याण कोर्टात जायच्या. पुस्तिका त्यांनी शांतपणे वाचली. मी रडायलाच लागले.

"आधी पाणी पी. फासे टाकून खेळायची पद्धत कोणाच्या मालकीची नसते. पण त्यांचे शब्द, त्यांची चित्रं, हा राक्षस, हे त्यांचं. ते काढ. हे वाटणं आजपासून बंद."

"मला पकडतील?"

"नाही असं लिहून देऊ शकत नाही गं. पण तुझं जे आहे ते तुझंच आहे. उद्या ते कोणी उचललं तर?"

मैत्रीण म्हणाली, "उचलू दे की. आमचं नाव ठेवलं म्हणजे झालं."

काकूंनी ते नीट शब्दांत बसवून दिलं: कोणीही प्रत काढावी, बदल करावा, मूळ कोणाचं ते सांगावं आणि पुढच्यालाही तशीच मोकळीक द्यावी. जुने कागद आम्ही बंबात जाळले. मी नवा राक्षस लिहिला, चिखलातला, बिनडोळ्यांचा, आणि काकूंची परवानगी आत घालून नवी पुस्तिका वाटली. पोलीस कधी आले नाहीत, पण कित्येक महिने मी खाकी दिसली की रस्ता बदलायचे.

पुढे ठाण्याच्या मुलांनी आमच्या मोहिमेत स्वतःचा एक भाग जोडून पाठवला. पहिल्या पानावर आमची नावं, खाली ती परवानगी जशीच्या तशी. मैत्रिणीने तो एका बैठकीत वाचून काढला आणि कपाळावर हात मारला.

"ऐन ओहोटीत होडी घातलीय येड्यांनी, चिखलात रुतेल की!" म्हणत तिने पेन्सिल मागितली.