फोन डब्यात घालणाऱ्या मामी

मामी कधी ओरडायच्या नाहीत. मला पहिला संशय आला तो तेवढ्यावरूनच.

तासगावच्या आमच्या खासगी वसतिगृहात त्या रेक्टर होत्या. रात्री साडेनऊला एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन यायच्या आणि अकरावी-बारावीच्या मुलींचे फोन त्यात गोळा करायच्या. "चला, डोळ्यांस्नी बी सुट्टी द्या." आमच्या घरी चळवळीची पत्रकं जेवणाआधी मोठ्याने वाचली जायची. सत्ता गोड बोलू लागली की जास्त सावध राहावं, एवढं मला कळत होतं. डबा रात्रभर मामींच्या उशाशी असायचा. आमचे मेसेज त्या वाचत नसतील कशावरून?

दुपारी चारनंतर चहा बंद. दहाला दिवे बंद. मी एकदा सगळ्यांदेखत जाब विचारला, "आमचा अभ्यास बुडतो, त्याला जबाबदार कोण?"

मामी माणदेशातल्या, मेंढरांमागे वाढलेल्या. म्हणाल्या, "मेंढरू दिसभर चरतंय, पर रवंथ निवांत बसल्यावरच करतंय. तुमी नुसत्याच चरताय गं. मुरायचं कवा?"

"आम्ही मेंढरं नाही!"

"व्हय, मेंढरू ऐकतंय तरी."

खोली खो-खो हसली. मला झोंबलं.

त्यात रोज संध्याकाळी संचालक फाटकापाशी गाडी थांबवायचे आणि मामी खाली मान घालून त्यांच्याशी बराच वेळ बोलायच्या. म्हणजे चहाड्याच! मी रात्री विजेरीच्या उजेडात पत्रक लिहिलं. मथळा होता, 'झोपेच्या नावाखाली पाळत'. मागण्या पाच, पहिली मामींना हटवण्याची. सकाळी चाळीस सह्या घेऊन ते कार्यालयात दिलं.

दुपारी संचालकांनी बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली. "छान लिहितेस. पहाटे चारच्या तासाला पोरींना उठवा म्हणून महिनाभर सांगतोय, तर ही बाई अडून बसलेली. वाढत्या वयाच्या पोरी हायत, झोप पुरी झाल्याबिगर हाक मारणार न्हाई म्हणते. आता तुम्हालाच त्या नकोत म्हटल्यावर आमचं काम सोपं झालं." उरलेल्या चार मागण्यांचं त्यांनी नावही काढलं नाही.

मी धावत गेले. मामी वळकटी बांधत होत्या.

"मामी, मला माहीत नव्हतं. मी पत्रक मागे घेते."

"घे की. सायबाच्या खिशात हाय, काढ जा."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कवा?" त्यांनी दोरीला गाठ मारली आणि माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "त्ये पत्रक लिवताना किती वाजलं हुतं?"

"तीन."

"वाटलंच."

संध्याकाळच्या आटपाडीच्या एसटीने त्या गेल्या. त्या रात्री फोन आमच्याकडेच राहिले आणि पहाटे चारला घंटा झाली. आठवडाभरात प्रार्थनेच्या रांगेत एक मुलगी उभ्या उभ्या कोसळली.

घंटेविरुद्ध मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यावर पहिली सही माझी होती. दुसरी शेवटपर्यंत कुणी केली नाही.