अंगठ्यावरची साल

आजोबांनी म्हातारपणी एकच हट्ट धरला होता. अंगठा लावणार नाही. तरुणपणी सिद्धेश्वरच्या धरणावर त्यांनी माती वाहिली. पगाराच्या दिवशी मुकादम शाईचं पॅड त्यांच्यापुढे सरकवायचा आणि सरकवताना मान वर करून त्यांच्याकडे बघायचाही नाही, हे ते कधी विसरले नाहीत. बाबा शिक्षक झाल्यावर आजोबांनी त्यांच्याकडून सही शिकून घेतली. पुढे बँकेतल्या कारकुनाने सवयीने पॅड पुढे केलं की आजोबा ते परत सरकवायचे, पेन मागायचे आणि पूर्ण नाव काढत बसायचे. मागची रांग कुरकुरायची. मागे न बघता ते म्हणायचे, "थांबा की." साखरा गावातल्या आमच्या घरात ही गोष्ट बुद्धवंदनेइतक्या वेळा म्हटली गेली आहे.

आणि त्याच घरात मी माझे दोन्ही अंगठे सोलत होते.

नखाच्या कडेला सालीचं एखादं टोक उभं राहतं. सगळ्यांच्याच बोटांना राहतं. लोक ते कापतात, नाहीतर विसरतात. मला विसरता येत नसे. दुसऱ्या हाताचं नख आपोआप तिथे जायचं. टोक ओढलं की त्याखालचं, मग शेजारचं, मग अंगठ्याच्या पोटावरची चांगली साल. आठवीपासून हे सुरू झालं. वाचताना व्हायचं, टीव्ही बघताना व्हायचं, कोणी माझ्याविषयी काही बोलत असलं की हमखास व्हायचं. रक्त दिसलं की थांबायचे. त्या क्षणी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग ठेचा वाटताना मीठमिरची जखमेत शिरली की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि संध्याकाळी अभ्यासाला बसले की पुन्हा तेच.

यावर औषध नव्हतं असं नाही. औषधांचा सुकाळ होता. एका काकूने बोटांना मिरची लावली. मी मिरचीसकट साल काढली. कुरुंद्याची मावशी यायची ती हळदीची पुडी घेऊनच. त्यांच्या गावात हळद पिकते, म्हणून जगातल्या प्रत्येक दुखण्यावर हळद. तिने लेप लावला, तो वाळला, तडकला, आणि सोलायला माझ्या हाताला एक जाड पापुद्रा आयता मिळाला. बाबा फुटपट्टी मारायचे, तीही बोटांवरच. कातडीच्या डॉक्टरांनी एकामागून एक मलमं दिली आणि दर वेळी दारापर्यंत सांगितलं, "परत करायचं नाही हं." शिंक येणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही की परत शिंकायचं नाही. मला मात्र सगळे सांगायचे, आणि वर विचारायचे की एवढी शिकलेली पोरगी, एवढंही कळत नाही का?

कळत होतं. तेच तर दुःख होतं.

मग रेशन दुकानात मशीन आलं आणि सगळ्या गावाच्या बोटांची परीक्षा सुरू झाली. कापूस वेचून, खुरपून बायांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या. मशीन त्यांना ओळखत नसे. दुकानदार म्हणायचा, "कष्टाचा अंगठा हाय, पुन्यांदा लाव माय." माझाही अंगठा लागला नाही तेव्हा त्या बायांनी माझ्याकडे मोठ्या मायेने बघितलं. ही पोरगी घरात किती राबत असेल, असं त्यांना वाटलं. मी गप्प राहिले. दुकानदार गप्प राहिला नाही. "हिचा कशाचा कष्टाचा," तो म्हणाला, "हिनं तर खुडून खाल्लाय." त्या दिवसापासून मी ओढणीच्या टोकात मुठी गुंडाळून चालायला लागले.

पदवी झाल्यावर मी हिंगोलीच्या अभ्यासिकेत बसून कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यास केला. जितका अभ्यास वाढला तितकी साल कमी झाली. माझ्या पुस्तकांच्या पानांच्या कडांना अजून तपकिरी ठिपके आहेत. परीक्षा नांदेडच्या एका कॉलेजात होती. बाबा सोबत आले होते. डबा घेऊन ते फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसले. फाटकात टेबल, टेबलावर अंगठ्याचं मशीन आणि मशीनमागे भाड्याने आणलेला एक माणूस.

"अंगठा बराबर लावा ना मॅडम."

"लावलाय."

"पुसा अन् लावा."

पुसला. दुसरा लावला. मग बोटं लावली. दर वेळी लाल दिवा. त्याने माझ्या हॉल तिकिटावरचा फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, आणि म्हणाला, "डमी तर न्हाई ना तू?" मॅडमवरून 'तू'वर यायला त्याला तेवढाच वेळ लागला. "बोटं दाखव."

मी मुठी उघडल्या.

"हे काय, उंदरांनी कुरतडले का?" रांगेत कोणीतरी हसलं.

"माझी सही घ्या," मी म्हणाले. "फोटो जुळतोय ना? सही जुळवून बघा."

"सही चालत न्हाई. अंगठाच पायजे. बाजूला हो, लोक खोळंबले."

मी बाजूला झाले. दुसऱ्या कोणाला विचारावं, वर कोणाकडे तरी जावं, हे सुचलंच नाही. ज्याची बोटं अशी जगापुढे उघडी पडली आहेत त्याला काय सुचणार? फाटक बंद झालं तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते आणि त्याही वेळी अंगठा खुडत होते.

परतीच्या बसमध्ये कळमनुरी आल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या बापानं अंगठा सोडवायला जल्म घालवला, अन् तू अंगठाच खाऊन बसलीस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमाला माझा अंगठा दिसला, बाबा," मी भर बसमध्ये म्हणाले. "त्यानं मला डमी म्हणलं, ते न्हाई दिसलं? शिकलेल्या माणसाची सही चालत न्हाई म्हणला, ते न्हाई ऐकू आलं?" कंडक्टर वळून बघायला लागला. बघू दे. बाबांशी इतक्या वरच्या आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

पुढच्या आठवड्यात मी जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. बाबा न सांगता सोबत निघाले. कातडीच्या विभागात या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, मलम लिहिलं आणि म्हणाली, "याच्यासोबत त्या पलीकडच्या खोलीत जा." खोलीवर मानसिक आरोग्याची पाटी होती. बाबा पाटी बघून दारातच थांबले. "आपल्याला या खोलीत काहून पाठवून राहिल्या? तू काय येडी हायेस?"

मी आत गेले. समुपदेशक बाईंनी हात पुढे करायला सांगितलं आणि विचारलं, "दुखतं का?"

इतक्या वर्षांत हे कोणीही विचारलं नव्हतं. मिरची लावणाऱ्यांनी नाही, हळद लावणाऱ्यांनी नाही, मलम लिहिणाऱ्यांनीही नाही. मला रडू आलं आणि रडता रडता रागही आला. एवढा साधा प्रश्न विचारायला काय लागतं?

बाई सांगत होत्या की हा आजार आहे, पुष्कळांना असतो, त्यावर उपचार आहेत. मागून आवाज आला, "म्हंजे ही मुद्दाम करत न्हाई?" बाबा कधी आत आले मला कळलं नव्हतं.

"नाही सर. ती थांबवायलाच बघते. एकटीने थांबत नाही, म्हणून तर इथं यायचं."

बाबा खुर्चीत बसले. "मी फुटपट्टी मारायचो," ते बाईंना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

बरं होणं हे गोष्टीतल्यासारखं झालं नाही. हात अंगठ्याकडे कधी जातो ते आधी ओळखायचं, मग तो जायच्या आत त्याला दुसरं काम द्यायचं. नखं बारीक कापायची. वाचायला बसताना अंगठ्यांना चिकटपट्टी. खिशात चिंचोके ठेवायचे आणि बोटं शिवशिवली की ते चोळत बसायचं. आठवडाभर साल टिकायची, मग एका संध्याकाळी सगळं मुसळ केरात. मी शरमेने खोलीत जायचे तर बाई म्हणायच्या, "आठवडाभर टिकली ना? मग त्याचं बोलू." हळूहळू नवी साल आली. डाव्या अंगठ्यावर रेषा उमटल्या. उजव्यावर एक पांढरट, गुळगुळीत डाग राहिला तो राहिलाच.

मी पुन्हा अर्ज भरला तेव्हा बाबा परीक्षेच्या कार्यालयात चौकशीला गेले. परत आले ते चपलांसकट ओसरीवर बसले. मला वाटलं चक्कर आली.

"नियम हाय गं," ते म्हणाले. "अंगठा न्हाई लागला तर फोटो काढायचा, सही घ्यायची अन् लेकराला आत सोडायचं. तवाबी होता. त्या फाटकातल्या माणसाला म्हाईतच नव्हता."

माझं एक वर्ष गेलं होतं. एका माणसाला नियम माहीत नव्हता, आणि मला मात्र स्वतःची लाज इतकी माहीत होती की मी त्याच्यावर विश्वास ठेवला. बाबा ओसरीवर बसून त्या माणसाला, त्या मशीनला आणि ज्यांनी ते आणलं त्या सगळ्यांना बोल लावत राहिले. मी त्यांना थांबवलं नाही. इतक्या उशिरा का होईना, त्यांचा राग योग्य पत्त्यावर पोचला होता.

दुसरी परीक्षा हिंगोलीलाच होती. फाटक वेगळं, माणूस वेगळा, मशीन तेच. उजवा अंगठा लावला. लाल दिवा. डावा लावला. लाल. घरी ज्या अंगठ्याच्या रेषा मी कौतुकाने आईला दाखवल्या होत्या, त्याही मशीनला पटल्या नाहीत.

"पुसा मॅडम."

मी पुसला नाही. दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले, बोटं पसरून. "हे आजारानं झालंय," मी म्हणाले. "उपचार चालू आहेत. अंगठा लागणार नाही. नियमात सही आहे. कागद आणा."

"सही चालत..."

"चालते. साहेबांना विचारा. मी इथंच उभी आहे."

तो गेला. मागे रांग वाढत होती आणि सगळे माझ्या हातांकडे बघत होते. हात मुठीत जायला बघत होते, खरं सांगते. मी ते टेबलावर दाबून धरले. साहेब आले, फोटो काढला, एक छापील कागद आला. फाटकातल्या माणसाने कागदाच्या तळच्या ओळीवर बोट ठेवलं.

मी पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहायला लागले. आधी माझं, मग बाबांचं, मग आजोबांनी इतक्या कष्टाने शिकून घेतलेलं आडनाव, एकही काना-मात्रा न सोडता. मागून कोणीतरी म्हणालं, "उरका ना ताई लवकर."

"थांबा की," मी म्हणाले. मागे बघितलं नाही.