दारावरची बोटं

आमच्याकडे मोटार नाही, मोटारसायकलही नाही. घर नंदुरबारला, नोकरी नवापूरला. त्यामुळे सकाळची पॅसेंजर म्हणजेच सगळं. ती चुकली की दिवस गेला.

आम्ही अप-डाऊनवाले ठरलेल्या जनरल डब्यात चढायचो. शेवटी चढेल त्यानं आतून कडी लावायची, हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही. ऊसतोड सुरू झाली की डोंगरातली माणसं कुटुंबकबिल्यासह गुजरातला निघायची, आणि आम्हाला बसायला जागा हवी असायची. 'एकले लिधं का सगळा सातपुडा आंगवर यी,' असं आमच्यातला एकजण म्हणायचा, म्हणजे एकाला आत घेतलं की सगळेच घुसणार. आम्ही हसायचो. मीही.

त्या दिवशी शेवटी मी चढलो. माझ्या काखेखालून एक बाई गाठोडी ढकलत आत शिरली, आणि मी कडी लावली.

बाहेर धक्के सुरू झाले. दाराच्या खिडकीतून मला फक्त बाहेरच्या दांडीवर आवळलेली चार बोटं दिसत होती. बाई कडी ओढू लागली. मला वाटलं, आता ही आपली टोळी आत घेणार. सगळ्यांना तेच वाटलं. मागून कुणीतरी तिचे केस धरून तिला ओढलं. ती तिच्या बोलीत ओरडली, मग अहिराणीत, 'पोरगं बाहेर शे.' मला ऐकू आलं. ऐकू आलं नाही असं मी अनेक वर्षं म्हणत आलोय.

गाडी हलली. माझ्या उजव्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा होता. तो मी त्या बोटांवर मारला. एकदा नाही. हाड मोडल्याचा आवाज डब्यातून हाताला कळतो.

बोटं सुटली. बाईनं माझ्या डाव्या हाताचा लचका तोडला, कडी काढली आणि चालत्या गाडीतून उडी टाकली. उघड्या दारातून मला फलाट दिसला. माणूस पाठीवर पडला होता. छातीवर फडक्यात बांधलेलं तान्हं मूल रडत होतं. रडत होतं म्हणजे जिवंत होतं, हे मी लगेच धरून ठेवलं. साखळी ओढावी असं कुणीतरी म्हणालं. उशीर होईल, असं दुसरं कुणीतरी. दुसरं म्हणजे मी.

तोडीला नवरा-बायकोची जोडीच घेतात. एकाचा हात गेला की दोघांचंही काम गेलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

संध्याकाळी परतल्यावर स्टेशनवरच्या चहावाल्यानं सांगितलं, त्याला सरकारी दवाखान्यात नेलंय, पंजाचा चुरा झालाय. घरी जायची रिक्षा मी तिकडे वळवायला लावली. का, ते विचारू नका.

ती बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून मुलाला पाजत बसली होती. डोक्यावर एका बाजूला केसच नव्हते, तिथं रक्त सुकलं होतं. माझ्याकडे बराच वेळ बघून तिनं हळूच विचारलं,

'भाऊ, तू त्या डब्बामा व्हता ना? त्याना हातवर कोनी मारं?'

मी पट्टी बांधलेला हात खिशात घातला.

'माले माहीत नही,' मी म्हणालो.

ती माझ्या खिशाकडे बघत राहिली.